सिमेंटच्या पत्र्यात काय असतं, आणि तो बदलताना काय सांभाळायचं

कोकणात कौलं उतरवून सिमेंटचे पत्रे चढवायला लोक लागले, त्याला कारणं पक्की होती. माकडांच्या टोळ्या छपरावरून धावतात आणि कौलं फोडतात. दर पावसाळ्याआधी घर शाकारायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. वाशांचं लाकूड महागलं, वर त्याला वाळवी. त्यापेक्षा लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा करून त्यावर सहा मिलिमीटर जाडीचे पन्हळी पत्रे जे-हूकने आवळले की वर्षानुवर्षं बघायला नको. हा पत्रा गंजत नाही, पेट घेत नाही, लोखंडी पत्र्याइतका तापत नाही आणि पावसात कान किटवत नाही. देशावरचे गोठे, पोल्ट्रीच्या शेड, शाळांच्या पडव्या, एमआयडीसीतले कारखाने, मुंबईतल्या वस्त्या, सगळीकडे तोच राखाडी पत्रा दिसतो. ज्यांनी तो घातला त्यांनी आपल्या परीने पूर्ण विचार करून घातला. त्यात काय मिसळलेलं आहे, हे मात्र त्यांतल्या बहुतेकांना कुणी नीट सांगितलं नाही.

त्यात साधारण दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉस असतं. बाकी सिमेंट आणि औष्णिक वीज केंद्रातली राख. ॲस्बेस्टॉसवर साठहून अधिक देशांनी बंदी घातली आहे. आइसलँडने १९८३ मध्येच सुरुवात केली, ऑस्ट्रेलियात २००३ अखेर आणि युरोपीय संघात २००५ पासून ते पूर्ण बंद आहे. आपल्याकडे ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणं सरकारने केव्हाच थांबवलं, पण रशिया, कझाकस्तान, ब्राझील इथून येणारं पांढरं ॲस्बेस्टॉस घालून पत्रे बनवणं आणि विकणं आजही कायदेशीर आहे.

हे वाचून लगेच घरावरचा पत्रा उतरवायला कुणी चढू नये, म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगतो. जागच्या जागी असलेल्या, न फुटलेल्या पत्र्याखाली राहणाऱ्याला धोका फार कमी असतो. पत्रा कापताना, त्याला भोकं पाडताना, तो फोडताना, त्याचा चुरा कोरड्या झाडूने लोटताना जी धूळ उडते, ती खरी घातक आहे. म्हणजे या सगळ्यात सर्वात जास्त भोगणारा माणूस घरमालक नसतो. तो असतो ग्राइंडर चालवणारा मेस्त्री, त्याच्या हाताखालचा पोरगा, फुटके पत्रे उचलणारा मजूर आणि त्यांचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणारी बाई. पत्रा घालायचा की नाही आणि काढायचा तर कसा, हे मात्र घरमालक ठरवतो. हा लेख म्हणून त्याच्यासाठी आहे.

धाग्यांचा दगड

ॲस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारं खनिज आहे. एकच खनिज नव्हे, सहा खनिजांचा गट. त्यातलं क्रायसोटाइल म्हणजे पांढरं ॲस्बेस्टॉस, आपल्या पत्र्यात असतं ते. निळं आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस वेगळ्या घराण्यातलं, त्याचे तंतू जास्त ताठ आणि सुईसारखे सरळ. या सगळ्यांत सारखेपणा असा की दगड असूनही ते तंतूंच्या जुडीसारखे वाढलेले असतात. हाताने पिंजले तर कापसासारखे मोकळे होतात. आगीत जळत नाहीत, सिमेंटमध्ये कुजत नाहीत, ओढले तर सहज तुटत नाहीत.

याच गुणांमुळे ते शरीराला भारी पडतं. साधा दगड कुटला तर त्याचे बारीक कण होतात. ॲस्बेस्टॉस कुटलं की ते आडवं तुटण्याऐवजी उभं चिरतं. एका तंतूतून आणखी बारीक तंतू निघतात आणि लांबी मात्र बरीचशी टिकते. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे ७० हजारांश भाग, जाड असतो. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे ॲस्बेस्टॉसचे तंतू तीन मायक्रॉनहूनही बारीक असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, घशाला खवखव होत नाही. हवेत सुटले की तासन्‌तास तरंगत राहतात. म्हणून काम करणाऱ्याला वाटतं, समोरची धूळ खाली बसली, आता मास्क काढायला हरकत नाही. जी बसली ती जाड धूळ होती.

फुप्फुसात शिरलेली घाण गिळून टाकायला शरीराने भक्षक पेशी नेमलेल्या आहेत. साधा कण आला तर पेशी त्याला पोटात घेते आणि निकाल लावते. ॲस्बेस्टॉसचा तंतू पुष्कळदा त्या पेशीपेक्षा लांब असतो. पेशी त्याला अर्धवट गिळते, पचवू शकत नाही आणि त्या झटापटीत दाहक रसायनं आसपास सोडत राहते. हे एक-दोन दिवस चालत नाही, वर्षानुवर्षं चालतं. त्या जागी फुप्फुसाची ऊती निबर होत जाते, पेशींच्या गुणसूत्रांना इजा होत राहते.

यातून काय काय होतं? पुष्कळ धूळ बरीच वर्षं घेतली तर ॲस्बेस्टॉसिस होतो. फुप्फुस ताठर होतं, जिना चढताना लागणारी धाप पुढे बसल्या जागीही लागते, आणि गेलेली ताकद परत आणणारं औषध नाही. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. यात बिडी-सिगारेटची भर पडली तर धोका नुसता वाढत नाही, तो गुणाकाराने वाढतो. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या किंवा पोटाच्या आतल्या पातळ आवरणाचा कर्करोग. हा इतर कारणांनी क्वचितच होतो, आणि निदानानंतर रुग्ण बहुधा फार काळ जगत नाही. याला धूम्रपानाशी देणंघेणं नाही आणि याच्यासाठी फार धूळही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरते. स्वरयंत्राचा आणि स्त्रियांच्या बीजकोशाचा कर्करोगही ॲस्बेस्टॉसने होतो, असं तीच संस्था सांगते. कामाच्या जागी घेतलेल्या ॲस्बेस्टॉसमुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून जास्त माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आपल्या गावात असे रुग्ण का दिसत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. धूळ घेतल्यापासून मेसोथेलिओमा दिसेपर्यंत साधारण ३० ते ४० वर्षं जातात. विशीत पत्रे कापणारा माणूस साठीत आजारी पडतो, तोवर तो दहा ठिकाणी राबलेला असतो. दवाखान्यात खोकला आणि धाप म्हटलं की आधी क्षयाची शंका घेतली जाते. चाळीस वर्षांपूर्वी कोणतं काम करत होतात, हे विचारलं जाईलच असं नाही. विचारलं नाही तर नोंद होत नाही, आणि नोंद नसली की आजार नाहीच असं म्हणायला मोकळीक मिळते. पत्रे बसवणं, पाडकाम, ब्रेक लायनिंग, बॉयलरचं लॅगिंग (त्याच्यावरचं उष्णतारोधक आवरण), जहाजतोडणी यांपैकी काही केलेल्या माणसाने धाप लागू लागल्यावर डॉक्टरांना ते न विचारता सांगावं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी असं काम केलं असेल तर त्यांच्या वतीने आपण सांगावं.

‘पांढरं ॲस्बेस्टॉस चालतं’ हे म्हणणं

पत्र्याच्या बाजूने दोन मुद्दे मांडले जातात आणि दोन्हींत थोडं तथ्य आहे, म्हणून ते टाळून पुढे जाता येत नाही. पहिला असा की क्रायसोटाइल हे निळ्या-तपकिरीइतकं घातक नाही. खरं आहे, त्याचे तंतू फुप्फुसातून तुलनेने लवकर निघून जातात आणि मेसोथेलिओमा करण्यात निळं त्याच्या पुष्कळ पुढे आहे. पण कमी घातक म्हणजे निर्धोक नव्हे. कर्करोग होतो की नाही या प्रश्नाला पांढऱ्याच्या बाबतीतही उत्तर ‘होतो’ असंच आहे. दुसरा मुद्दा, तंतू सिमेंटमध्ये पक्के बांधलेले असतात. तेही खरं, पत्रा अखंड असेपर्यंत. मग पाऊस सिमेंट झिजवत जातो, शेवाळ मुळं रोवतं, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि तंतू उघडे पडू लागतात. आणि पत्रा अखंड राहतो तरी कुठे? बसवतानाच तो कापावा लागतो. कारखान्यात धूळ शोषणारी यंत्रं बसवता येतात, कामगारांची तपासणी करता येते. अंगणात गुडघ्यावर बसून ग्राइंडरने पत्रा चिरणाऱ्या मेस्त्रीवर कुणाचं नियंत्रण असणार? ‘नियंत्रित वापर’ हे कारखान्याच्या दारापर्यंत लागू पडणारं शास्त्र आहे, पत्र्याचं बाकी सगळं आयुष्य त्या दाराबाहेर जातं.

इटलीतल्या कासाले मॉन्फेरातो या गावाची हकिगत इथे सांगायला हवी. तिथे १९०७ पासून १९८६ पर्यंत ॲस्बेस्टॉस सिमेंटचा मोठा कारखाना चालला. गावाचं पोट त्यावर होतं. पाइप कातताना निघणारा भुसा गावकरी घरी नेत आणि माळ्यावर उष्णतारोधक म्हणून पसरत, अंगणात दाबून बसवत. आधी कामगार मेले. मग त्यांच्या बायका मेल्या, ज्यांनी फक्त कपडे धुतले होते. मग शिक्षक, दुकानदार, कारखान्यात कधी पाऊलही न ठेवलेले लोक. १९८७ मध्ये गावाने आपल्यापुरती बंदी घातली, १९९२ मध्ये इटलीने देशभर. तरी पुढची कित्येक दशकं तिथे मेसोथेलिओमाचे नवे रुग्ण निघत राहिले. २०१२ मध्ये तुरिनच्या न्यायालयाने तो कारखाना चालवणाऱ्या एटर्निट कंपनीचे माजी प्रमुख स्टेफान श्मिडहाइनी यांना शिक्षा सुनावली, आणि २०१४ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने खटल्याची मुदत उलटून गेली म्हणून तो निकाल रद्द केला. आजार उगवायला लागणारा काळ हा कायद्याच्या मुदतीपेक्षा मोठा निघाला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाला ही गोष्ट उमगली होती. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर २७ जानेवारी १९९५ रोजी जो निकाल झाला, त्यात कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला गेला. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची वैद्यकीय नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षं, यांपैकी जी मुदत लांब असेल तोवर जपावी, असा आदेश झाला. आजार सिद्ध झालेल्याला एक लाख रुपये भरपाईही ठरली. निकाल चांगला, पण त्याचा आधार कारखान्याच्या हजेरीपटावर नाव असलेल्याला. रोजंदारीवर पत्रे बसवत फिरणाऱ्याचं नाव कुठल्याच पटावर नसतं.

सिमेंटला धागा कशाला लागतो

नुसतं सिमेंट दाबाला भक्कम, ताणाला कच्चं. सहा मिलिमीटरची पातळ फळी नुसत्या सिमेंटची केली तर उचलतानाच मोडेल. भिंत लिंपताना आपण चिखलात तूस किंवा गवताची काडी मिसळतो, म्हणजे वाळताना लेपाला भेगा पडत नाहीत आणि पडल्या तरी काडी दोन्ही कडा धरून ठेवते. पत्र्यात ॲस्बेस्टॉस तेच काम करतं.

त्याचं दुसरंही एक काम आहे, आणि पर्याय शोधणाऱ्यांना घाम फुटला तो त्यामुळे. १९०० च्या सुमारास लुडविग हाचेक या ऑस्ट्रियन माणसाने कागद बनवण्याच्या यंत्रावरून पत्र्याचं यंत्र काढलं. तंतू आणि सिमेंट भरपूर पाण्यात कालवतात. त्या पातळ रब्ब्यात जाळीचा पिंप फिरतो. पाणी जाळीतून आत निघून जातं आणि जाळीवर पातळ साय धरते. ती साय एका पट्ट्यावरून रोलरवर जाते, थरावर थर बसत जातो. हवी ती जाडी झाली की थर कापून सपाट सोडतात, ओले असतानाच त्याला पन्हळ देतात आणि घट्ट व्हायला ठेवतात. यात अडचण अशी की सिमेंटचे कण इतके बारीक असतात की पाण्याबरोबर तेही जाळीतून निघून जायचे. ॲस्बेस्टॉसचे पिंजलेले तंतू त्यांना पकडून ठेवतात. शिवाय सिमेंट अतिशय अल्कधर्मी, साधी काच त्यात हळूहळू खाल्ली जाते. ॲस्बेस्टॉसला तेही काही करत नाही. पकडणं, ताकद देणं आणि टिकणं ही तिन्ही कामं एकटा स्वस्त तंतू करत होता.

त्याच्या जागी एकच दुसरा तंतू सापडला नाही, कामं वाटून द्यावी लागली. पकडायचं काम लाकडाच्या लगद्याकडे, म्हणजे कागद ज्यापासून होतो त्या सेल्युलोजकडे गेलं. ताकदीसाठी पीव्हीए हा कृत्रिम धागा आला. हा पूर्वी जपानमध्ये कापडासाठी विकसित झाला होता. तो सिमेंटला चांगला चिकटतो आणि त्याच्या अल्कधर्माला दाद देत नाही. युरोपातल्या पत्रेवाल्यांनी १९८० च्या दशकात ही जोडी वापरायला घेतली. काही ठिकाणी पीव्हीएऐवजी पॉलिप्रोपिलीन वापरतात. तो स्वस्त पडतो, पण गुळगुळीत असल्यामुळे सिमेंटमध्ये नीट धरून बसावा म्हणून त्याच्यावर प्रक्रिया करावी लागते. हे पत्रे आपल्या नेहमीच्या पत्र्यासारखेच हवेत आणि ओलाव्यात मुरवून तयार होतात.

दुसरी वाट ऑस्ट्रेलियात त्याच दशकाच्या सुरुवातीला रुळली. सिमेंट, बारीक दळलेली वाळू आणि सेल्युलोज मिसळून फळ्या करायच्या आणि त्या बंद टाकीत दाबाखालच्या वाफेत, सुमारे १७० ते १८० अंश सेल्सियसला शिजवायच्या. त्या उष्णतेत वाळूतली सिलिका आणि सिमेंटमधला चुना मिळून एक स्थिर स्फटिकी पदार्थ तयार होतो आणि फळी ओलावा-सुकण्याने फारशी फुगत-आकसत नाही. पीव्हीए या उष्णतेत टिकत नाही, म्हणून इथे फक्त सेल्युलोज. सीलिंग, पार्टिशन, भिंतीवरचं बाहेरचं आच्छादन (क्लॅडिंग) यासाठी आपल्याकडे मिळणारे सपाट सिमेंट बोर्ड पुष्कळदा याच जातीचे असतात.

हे पर्याय तंतोतंत जुन्या पत्र्यासारखे वागतात असं सांगणं फसवणूक होईल. सेल्युलोज पाणी पितं. त्यामुळे पत्रा ओला-सुका होताना जास्त हलतो आणि ओला असताना थोडा कमजोर पडतो. स्क्रूचं भोक नेमकं स्क्रूच्या मापाचं पाडलं की तिथून तडा जातो. भोक जरा मोठं ठेवून वर रुंद वॉशर लावावा लागतो. कापलेल्या कडा रंगाने किंवा सीलरने बंद केल्या तर आयुष्य वाढतं. पर्लिनमधलं (पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या पाइपांमधलं) अंतर आणि पत्र्यांचा चढाव उत्पादकाच्या कागदावर असेल तोच ठेवायचा, जुन्या अंदाजाने नाही. किंमतही जास्त आहे. एवढं सांभाळलं तर छप्पर म्हणून तो उत्तम काम देतो. युरोपातली शेतघरं आणि गोठे आज अशाच पत्र्यांखाली आहेत.

दुकानात गेल्यावर

इथे एक मोठी गफलत होते. ‘फायबर सिमेंट शीट’ असं लिहिलं आहे म्हणून त्यात ॲस्बेस्टॉस नाही, असं आपल्या बाजारात समजू नका. ॲस्बेस्टॉसही एक फायबरच आहे, आणि ॲस्बेस्टॉसचे पत्रेही याच नावाने विकले जातात. डोळ्यांनी दोन्ही पत्रे सारखे दिसतात. हात फिरवून किंवा वाजवून सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यावर विसंबू नका. खात्रीने सांगायचं तर तुकडा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

त्यामुळे मानक क्रमांक बघा. आयएस ४५९ हा ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांचा क्रमांक आहे. तो छापलेला असेल तर पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे, विषय संपला. फायबर सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांसाठी आयएस १४८७१ आणि सपाट बोर्डांसाठी आयएस १४८६२ आहे. एवढ्यावरही न थांबता बिलावर ‘ॲस्बेस्टॉसविरहित’ असं लिहून घ्या. दुकानदार ते लिहायला कचरत असेल तर तेच तुमचं उत्तर. शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर यांचं काम निघालं की ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी हीच अट अंदाजपत्रकात घालून घ्यावी. तिथे बिल सरकारी असतं आणि छपराखाली लहान मुलं बसतात.

ॲस्बेस्टॉसविरहित पत्रा किंवा बोर्ड कापतानाही धूळ घेऊ नका. त्यात सिमेंट आणि वाळूची सिलिका आहे, आणि सिलिकाच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो, कर्करोगही होऊ शकतो. बोर्डला टोकदार हत्याराने खोल रेघ मारून तो मोडता येतो, पत्रा हातकरवतीने पाणी मारत कापता येतो. ग्राइंडर वापरायचाच तर पाण्याची धार किंवा धूळ ओढणारी नळी हवीच. दोन्हींत फरक आहे तो असा की ॲस्बेस्टॉसविरहित पत्रा एकदा छपरावर गेला की पुढच्या पिढीच्या मेस्त्रीसाठी तो ॲस्बेस्टॉस मागे ठेवत नाही.

लोखंडी पत्रा हा दुसरा रस्ता. रंगीत गॅल्व्हल्यूम पत्र्यावर ॲल्युमिनिअम आणि जस्ताच्या मिश्रधातूचा थर असतो, तो साध्या जस्ती पत्र्यापेक्षा जास्त टिकतो. हलका, बसवायला सोपा. पण तो तापतो, पावसात बोलू देत नाही, आणि किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत कापलेल्या कडांपासून गंज धरतो. खाली उष्णतारोधक थर किंवा सीलिंग घातलं तर दोन्ही त्रास बरेच कमी होतात. कोकणात आता अनेक जण खाली पत्रा आणि वर कौलं अशी जोड घालतात. माकडाने कौल फोडलं तरी घर गळत नाही आणि ऊनही थेट पत्र्यावर पडत नाही. खर्च झेपत असेल तर मला हीच रचना सर्वात चांगली वाटते.

घरावर आधीच पत्रा असेल तर

पत्रा धड आहे, गळत नाही, खालून भुगा पडत नाही, तर त्याला हात लावू नका. शेवाळ खरवडू नका, तारेच्या ब्रशने घासू नका, मोटारीच्या प्रेशरने धुऊ नका. या तिन्हींनी वरचा सिमेंटचा थर जातो आणि तंतू मोकळे होतात. पंखा, दिवा, डिश अँटेना यांसाठी पत्र्याला नवी भोकं पाडू नका, आधार खालच्या पाइपाला घ्या. एखादी चीर असेल तर तिथे ओलं करून वरून सीलंट किंवा डांबरी पट्टी चिकटवा.

पत्रा जुना झाला आणि बदलायचाच आहे, तर हे काम घाईत, मे महिन्याच्या अखेरीस, सुटलेल्या वाऱ्यात करू नका. वारा नसलेली सकाळ बघा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं त्या दिवशी दुसरीकडे पाठवा, घरातलं धान्य-कपडे झाका, विहिरीवर आणि पाण्याच्या टाकीवर प्लॅस्टिक टाका. पत्र्यावर साबणाचं थोडं पाणी फवारून तो ओला करा, साबणाने पाणी आत मुरतं. हूकचे नट पान्याने सोडवा, गंजून धरले असतील तर हूक कापा, पत्रा फोडू नका. सुटलेला पत्रा दोघांनी धरून अखंड खाली द्या. एक मोठा पत्रा चाळीस किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे वरून खाली टाकून द्यायचा मोह होतो. तो आवरायचा.

काम करणाऱ्याच्या तोंडावरचा रुमाल या तंतूंपुढे काहीच नाही. अगदी बारीक कण अडवणाऱ्या पी-१०० फिल्टरचा, नाक-तोंड झाकणारा रबरी अर्धमुखवटा लागतो. त्याचे पैसे मेस्त्रीकडून मागू नका, तुम्ही द्या. कामाचे कपडे ओले करून तिथेच काढावेत आणि वेगळे धुवावेत. ते घरच्या कपड्यांत जाऊ नयेत. आणि जुन्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये. तो न वाकता एकदम तुटतो आणि माणूस सरळ खाली येतो. खालून शिडी-पालख बांधून काम करावं, किंवा पर्लिनवर टेकलेल्या जाड फळ्यांवर उभं राहावं. असे अपघात दरवर्षी होतात आणि तिथल्या तिथे जीव घेतात.

वादळाने उडवलेल्या पत्र्यांची गोष्ट वेगळी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत हजारो घरांची छपरं गेली. पत्र्यांचे तुकडे वाड्यांत, रस्त्यांत, शाळांच्या पटांगणांत पसरले. अशा वेळी लोक आपल्या हातांनी साफसफाई करतात, करावीच लागते. निदान तुकडे ओले असताना उचलावेत, उरलेला चुरा पाणी मारून फावड्याने भरावा, कोरडा झाडू मारू नये, आणि मुलांना त्या कामाला लावू नये.

शेवटचा प्रश्न या सगळ्याचं करायचं काय. चांगले दिसतात म्हणून उतरवलेले पत्रे दुसऱ्याच्या गोठ्यावर देऊ नका. फुटके तुकडे चिखलाच्या वाटेत किंवा जोत्याच्या भरावात घालू नका, रोजच्या पायाखाली आणि गाड्यांच्या चाकाखाली ते दळले जातात. ते ओले करून जाड प्लॅस्टिकच्या दोन थरांत गुंडाळा, चिकटपट्टीने बंद करा, वर मोठ्या अक्षरांत ॲस्बेस्टॉस असं लिहा. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची शास्त्रीय पद्धतीने विल्हेवाट लावणारी केंद्रं आहेत. कारखाना, शाळा, गृहनिर्माण संस्था यांचं काम असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात विचारून माल तिकडेच पाठवा, कंत्राटदाराकडून पोहोचपावती घ्या आणि ती हातात पडल्याशिवाय त्याचं शेवटचं बिल काढू नका. एकट्या घराला ते अंतर आणि तो खर्च जमत नाही. तिथे नगरपालिकेने किंवा पंचायत समितीने तालुक्यातले पत्रे एका जागी गोळा करून गाडी भरून पाठवायला हवी, आणि ही मागणी ग्रामसभेत लेखी द्यायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. तोवर गुंडाळलेले पत्रे शेडच्या एका कोपऱ्यात, गुरं आणि मुलं पोचणार नाहीत अशा ठिकाणी, आडवे रचून ठेवा.